दोर आधी, पाय नंतर

फोन आला तेव्हा मी एका रिक्षाच्या हुडाला मागची खिडकी बसवत होतो. ते काम मधेच सोडता येत नाही, कापडाला सुरकुती पडते, म्हणून फोन खांद्याने कानाशी दाबून धरला. पलीकडे सुमनवहिनी होत्या. "सलीमभाऊ, तुमचे दोस्त गेले." माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "झाडावरून?" माणूस गेल्याचं कळल्यावर असं कुणी विचारत नाही, हे मलाही समजतं. पण वहिनींना राग आला नाही. त्या ठाम आवाजात म्हणाल्या, "न्हाई. घरात गेले, खाटंवर. पाणी मागितलं, मी पाजलं, अन् गेले..." त्या आवाजात रडणं होतंच, पण ताठपणाही होता. मी मशीन बंद केलं. हुडाला सुरकुती पडली ती पडलीच. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात आधी मला हायसं वाटलं. त्याची मला लाज वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगायलाच हे लिहितो आहे.

किसन औशाजवळच्या एका खेड्यातला. चिंच झोडणं हे त्याच्या घराण्याचं काम. लातूरच्या बाजारात चिंचेचे ढीग सगळ्यांना दिसतात, ती झाडावरून खाली कोण आणतं हे कुणी विचारत नाही. बांधावरची झाडं जुनी आणि दोन-तीन मजली घराएवढी उंच. माघ-फाल्गुनात बोटकं, म्हणजे चिंचेच्या शेंगा, पिकली की किसनची टोळी निघायची. झाडाखाली ताडपत्र्या अंथरायच्या, चपला बुंध्याशी काढायच्या, झाडाला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि अनवाणी वर जायचं. दोर नाही, पट्टा नाही. दोर बांधणं म्हणजे झाडावर अविश्वास दाखवणं, असं ती माणसं मानायची. किसनचे वडील असेच चिंचेवरून पडून गेले. थोरला चुलताही तसाच गेला. "आमच्या घरातले बाप्ये खाटंवर मरत न्हाईत," असं किसन हसत सांगायचा, आणि त्या हसण्याचा मला मनापासून राग यायचा.

आमची ओळख ताडपत्र्यांमुळे झाली. लातुरात औसा रोडला माझं दुकान आहे. रिक्षाचे हुड, सीट कव्हर, ट्रकच्या ताडपत्र्या, जे जाड आहे ते सगळं मी शिवतो. दर हंगामाच्या आधी किसन फाटक्या ताडपत्र्या घेऊन यायचा आणि मी ठिगळं मारत असताना समोर उभा राहून एकेका टाक्यावर नजर ठेवायचा. मला कामात डोकावलेलं खपत नाही. पहिल्या वर्षी मी त्याला बाहेर थांबायला सांगितलं, तर हा बाहेर जाऊन खिडकीतून बघू लागला. अशा माणसाशी एक तर कायमचं भांडावं लागतं, नाही तर दोस्ती करावी लागते. मी आधी एक केलं, मग दुसरं.

मग एका वर्षी ताडपत्र्या घेऊन वहिनी एकट्याच आल्या. किसन पडला होता. उजवं मनगट आणि डावी मांडी मोडली होती. मधल्या एका फांदीने अडवला म्हणून वाचला. नांदेडच्या दवाखान्यात मांडीत सळई घातली. वर्षभराने तो जरासा लंगडत चालायला लागला आणि चालायला लागल्यावर आठवड्याभरातच पुन्हा झाडाच्या गोष्टी बोलू लागला. दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि यायला नकोही होतं. वहिनींनी भांडण केलं नाही, शपथ घातली नाही. त्यांनी एक अट घातली. "तुमचा पाय जमिनीवरून उचलायच्या आधी दोर वर फांदीवर गेलेला मला दिसला पाहिजे. दोर आधी, पाय नंतर." ऐकायला सोपं वाटतं. पण दोर वर न्यायचा तर कुणी तरी वर चढलंच पाहिजे, म्हणजे अट पाळायची तर झाड बंद. वहिनींच्या मनात नेमकं तेच होतं, असा मला आजही दाट संशय आहे. किसनने मात्र अट शब्दशः घेतली.

त्याला वाट सापडली ती नांदेडात. मांडी दाखवायला तो तिकडे गेला होता. रस्त्यातल्या एका कॉलेजच्या आवारात बाहेरगावची काही माणसं इमारतीवर झुकलेली मोठी फांदी उतरवत होती. त्यांच्यातल्या एकाने मुठीत मावेल अशी एक जड थैली पातळ दोरीला बांधली, झोका दिला आणि वर सोडली. थैली फांदीच्या बेचक्यातून पलीकडे गेली आणि आपल्या वजनाने दोरी घेऊन खाली आली. मग त्या पातळ दोरीच्या टोकाला जाड दोर बांधून त्यांनी तो ओढून फांदीवरून घेतला. सगळं जमिनीवर उभं राहून. किसनने डॉक्टरांकडचा नंबर जाऊ दिला आणि दिवसभर तिथेच उभा राहिला. शेवटी त्याने ती थैली जरा हातात मागितली, डोळे मिटून तोलली आणि परत दिली. एसटीने घरी न जाता तो थेट माझ्या दुकानात आला. "सलीमभाई, एक थैली शिवायची हाय. माझं सगळं तिच्यावर हाय, तवा नीट ऐका."

मी नीट ऐकलं नाही, हे कबूल करतो. तीस वर्षं हुड शिवणाऱ्याला एवढीशी पिशवी काय शिकवणार? मी झकास निळ्या रेक्झिनची थैली शिवली. कडेने पिवळी पायपिंग, म्हणजे फुगीर गोट, लावली, कारण पायपिंगशिवाय माझ्या हातून काही बाहेर जात नाही. वर पडद्याची पितळी कडी आणि आत चाळलेली वाळू. किसनने ती उलटीसुलटी करून पाहिली. "नवरदेवाच्या रिक्षात शोभंल," म्हणाला. दुकानामागे एक कडुलिंब आहे, त्यावर आम्ही ती फेकून पाहिली. तिसऱ्या फेकीला ती बेचक्यात पोचली, पायपिंगची कड सालीत रुतली आणि थैली तिथेच बसली. बांबूने ढोसून काढली तोवर शिलाईच्या भोकांतून निम्मी वाळू गळून गेली होती.

तिथून आमचे प्रयोग सुरू झाले. किसन म्हणाला, चिंचोके भरू, घरचेच आहेत. पुरेसं वजन येईपर्यंत थैली नारळाएवढी झाली आणि ती कुठल्याच बेचक्यातून जाईना. मग सायकलच्या दुकानातले छर्रे भरले, ते दवाने गंजले आणि कापड आतून कुजलं. आकाराच्या बाबतीत किसन हटून बसला होता. चौकोनी नको, गोल नको. तोंडल्यासारखी लांबट, दोन्हीकडे निमुळती, कुठे कोपरा नाही, कुठे कड नाही, शिवण सगळी आत. शिवण आत म्हणजे माझी कारागिरी दिसणारच नाही. मी तसं म्हणालो, तर उत्तर आलं, "तुमची शिलाई दिसली की झाड तिला धरून ठिवतंय. न दिसणारी शिवा." दोन दिवस मी फुगून बसलो. तिसऱ्या दिवशी त्याने सांगितलं तसं केलं. आत जीनच्या कापडाची पिशवी, बाहेर जाड कॅनव्हासची, आणि कडीच्या जागी सीटबेल्टच्या पट्टीचा बारीक फास, तोही थैलीच्या बुडापर्यंत नेऊन टाचलेला, म्हणजे कितीही ओढलं तरी उपटायचा नाही. भरायला शिसं मिळालं नांदेडात. माझी बहीण तिथे नदीकडच्या वस्तीत राहते आणि तिच्या शेजारी मासेमारीची जाळी विणणारे आहेत. जाळ्याच्या काठाला लावतात ते शिशाचे मणी त्यांच्याकडून आणले. शिशाला हात लावला की आधी साबणाने धुवायचा, मगच पाण्याच्या पेल्याला शिवायचं, असा दम बहिणीने आम्हा दोघांना भरला. शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर एकेक मणी टाकत आम्ही साडेतीनशे ग्रॅमवर थांबलो. किसनने थैली हातात घेतली, डोळे मिटले आणि मान डोलावली.

दोरीने मात्र जास्त छळलं. सुतळी खरबरीत, चिंचेच्या सालीवरून सरकतच नाही. नायलॉनची दोरी सरकते, पण ताणते. एकदा थैली फांदीत अडकली, मी ओढत गेलो, दोरी ताणत गेली, आणि थैली सुटली ती सरळ माझ्या कपाळावर आली. चार टाके पडले. ते ज्याने घातले त्याला मी माझ्या दुकानात एक दिवस ठेवला नसता. किसन हसला नाही. "डोळा गेला असता," एवढंच म्हणाला आणि नायलॉन त्याच क्षणी बाद झालं. मग गवंड्यांची दोरी आणली. तिला मी माझ्या अक्कलहुशारीने मेण लावलं. मेण लावलेला दोरा जाड कातड्यातून सुळकन जातो, तशी दोरीही फांदीवरून जाईल, हा हिशोब. सकाळी गेलीही. दुपारी औशाच्या उन्हात मेण वितळलं आणि धूळ, सालीचा भुगा, मुंग्या, जे मिळेल ते दोरीला चिकटत गेलं. किसनने ती तशीच आणून माझ्या टेबलावर ठेवली. "दुकानात पंखा हाय, सलीमभाई. झाडाखाली न्हाई." शेवटी दोरीसुद्धा त्या जाळीवाल्यांकडचीच लागू पडली, घट्ट विणीची, न ताणणारी, बोटांतून गुळगुळीत जाणारी. मी हिरवी आणली होती. किसन जरा चाचरत म्हणाला, "गैरसमज करून घिऊ नका, पण हिरवी पानात दिसत न्हाई." मी म्हणालो, मग भगवी घे. "ती बी सांजच्या उन्हात दिसत न्हाई." वहिनींनी गुलाबी निवडली आणि वाद मिटला.

दोर लावून चढायच्या पहिल्या दिवशी मी दुकान बंद ठेवून त्यांच्या शेतावर गेलो. टोळीतली माणसं बांधावर बसून गंमत बघत होती. एक जण म्हणाला, "किसनदा आता पाळण्यात बसून चिंच झोडणार." मनगट मोडल्यापासून किसनला एका हाताने जोरात भिरकावता येत नसे. तो दोन्ही हातांनी दोरी धरायचा, थैली पायांच्या मधून मागेपुढे झुलवायचा आणि वर सोडायचा. ते दिसायला फार काही मर्दानी दिसत नव्हतं. किती वेळा चुकली ते मोजायचं मी सोडून दिलं. मग एकदाची बसली. मी टाळी वाजवली. वहिनी पुढे गेल्या, मान वर करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "ही नको. ही फांदी मनगटाएवढी हाय. मांडीएवढी पाहिजे." बांधावर हशा झाला. किसनने दोरी ओढून घेतली. ती गुंडाळली की पुढच्या फेकीला गुंता होतो, म्हणून नवरा-बायको ती एका मोठ्या टोपल्यात सैल सोडत भरत. टोपलं भरलं, थैली पुन्हा झुलली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा जाड फांदीच्या बेचक्यातून दोरी गेली. वहिनींनी जाड दोर वर जाऊ दिला. मग त्या स्वतः आणि टोळीतले दोघे असे तिघे त्या दोराला लोंबकळले. फांदी हलली नाही. तेव्हा कुठे किसनने कमरेचा पट्टा आवळला, विजेच्या खांबावर चढणारे वापरतात तसला. दोराचं एक टोक पट्ट्याला, दुसरं बुंध्याला एक वेढा देऊन वहिनींच्या हातात. तो जसा चढत गेला तसा त्या सैल पडलेला दोर ओढून घेत गेल्या. निम्म्यावर गेला असेल, आणि त्याचा दुखरा पाय सालीवरून सटकला. हातही सुटले. बांधावरची माणसं उठून उभी राहिली. त्याचे वडील असेच खाली आले होते आणि ते बघणाऱ्यांतले दोघे त्या दिवशीही तिथे होते. किसन हातभर खाली आला आणि तिथेच हवेत झोके खात राहिला. वहिनींचे दोन्ही पाय मातीत रुतले होते. त्या खालून म्हणाल्या, "धरली का फांदी?" वरून आवाज आला, "धरली." "मग चला वर." त्यानंतर त्या बांधावर कुणी हसलं नाही.

पुढच्या हंगामाच्या आधी हसणाऱ्यांपैकीच दोघे माझ्या दुकानात आले आणि इकडे-तिकडे बघत म्हणाले, किसनदासारखी थैली पाहिजे. मग शेजारच्या गावचे आले. अर्धापूरकडच्या एका केळीवाल्याने बांधावरची झाडं छाटायला एक थैली नेली. प्रत्येक थैली किसन स्वतः तपासायचा. शिवणीवरून अंगठा फिरवायचा आणि कुठे एक टाका वर आलेला लागला तरी परत करायचा. माझं काम माझ्या दुकानात नापास करणारा तो एकटा माणूस. आणि हेही सांगतो, त्या पहिल्या दिवसानंतर किसनच्या टोळीतलं कुणीही झाडावरून पडून मेलं नाही. दोघे-तिघे सटकले, लोंबकळले, खालून शिव्या खाल्ल्या आणि पुन्हा वर गेले. चपला अजूनही बुंध्याशीच काढतात, झाडाला हात अजूनही लावतात. झाड रागावल्याचं काही ऐकिवात नाही.

दोन वर्षांपूर्वी किसनला पोटाचं दुखणं लागलं. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस, पण यकृत खराब झालं. नांदेडच्या फेऱ्या सुरू झाल्या, अंग झडत गेलं. मागच्या हंगामात माझ्या दुकानात काम फार होतं, मला एकदाही शेतावर जाता आलं नाही. पण संध्याकाळी त्याचा फोन ठरलेला. "आज पहिल्याच फेकीत बसली, सलीमभाई." दुसऱ्या दिवशी, "आज वरच्या फांदीवर, दुसऱ्या फेकीत." मी खूश व्हायचो. आजारी माणूस एवढ्या उंच थैली टाकतो म्हणजे थैलीच तशी असली पाहिजे, असं मी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो. तो जायच्या पंधरा दिवस आधी भेटायला गेलो तर खाटेवर उशी पाठीशी घेऊन बसला होता. हातांच्या काड्या झालेल्या. मी म्हटलं, मागचा हंगाम मात्र गाजवलास. तो वहिनींकडे बघून हसला आणि म्हणाला, "गाजला खरा." मग आम्ही चहा घेतला. त्याने अर्धाच घेतला...

परवा वहिनी दुकानात आल्या. महिना उलटून गेला आहे. ताडपत्र्यांची वेळ अजून लांब होती, म्हणून मी विचारलं, काय आणलं. त्या म्हणाल्या, "एक थैली शिवा, सलीमभाऊ. वजन कमी पाहिजे. पाव किलोची करा. साडेतीनशेनं माझा खांदा भरून येतोय." मला कळेना. "तुमचा खांदा?" म्हणालो. त्या पदराने तोंड पुसत सांगू लागल्या. मागच्या हंगामात किसनच्या हातात थैली झुलवायचंही बळ नव्हतं. तो झाडाखाली खुर्ची टाकून बसायचा आणि फांदी दाखवायचा. फेकायच्या त्या. त्याच्याकडून घरामागच्या बाभळीवर दोन महिने शिकल्या होत्या. त्या सगळ्या पहिल्या-दुसऱ्या फेकी वहिनींच्या होत्या. रोज संध्याकाळी तो मला फोन करून बायकोची फुशारकी सांगायचा आणि मी ती माझ्या शिलाईच्या खात्यात जमा करायचो.

"मला एकदा तरी सांगायचं," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

"तुम्हाला सांगितलं असतं तर त्यांचा हात गेला हे तुम्हाला कळलं असतं. ते त्यांना नको होतं." मग जरा हसून, "अन् म्हणायचे, सलीमभाई थैलीवर खूश हाय, राहू द्या."

थैली मी लगेच शिवायला घेतली. पाव किलो मणी, आतली पिशवी, बाहेरची. तासाभरात झाली. वहिनी ती घेऊन मागच्या लिंबाखाली गेल्या, पदर खोचला, दोरी बांधली. पहिली फेक चुकली. दुसरी वरच्या बेचक्यातून अशी गेली की पानही हललं नाही. थैली खाली आली, ती त्यांनी तळहातावर घेतली. मग म्हणाल्या, "यंदा झाडं लई लगडतील. टोळी मीच नेणार हाय, माणसांशी बोलून ठिवलंय. अजून एक करा. एक अडकली तर सगळे रिकामे बसतील."

मी आत जाऊन मशीनवर बसलो. दुसरी थैली मी रडतच शिवली, वहिनींसमोर, न लपवता. टाके सरळ आले.